आल्यावर दाखवते

फोन वाजला तेव्हा तो खालच्या बाणाचं बटण दाबत होता. एकदा दाबलं की पडद्यावरची निळी चौकट पुढच्या परिच्छेदाभोवती जाऊन बसायची, पुन्हा दाबलं की त्याच्या पुढच्या. चौकट खाली जाईल तसं पानही हळूच सरकायचं. इथवर सगळं ठीक होतं. अडचण अवघड शब्दांपाशी होती. शब्दाचा अर्थ बघायला छोटी खिडकी उघडायची सोय होती, आणि ती खिडकी बंद केली की पान भलतीकडेच पळायचं. कधी पळायचं, कधी नाही. नेहमी बिघडणारी गोष्ट दुरुस्त करता येते. या अधूनमधून बिघडणाऱ्या पानाने त्याला कितीतरी दिवस खुर्चीला बांधून ठेवलं होतं.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "तिचा का?"

त्याने फोन उचलला. एक हात कीबोर्डवरच होता.

"तिचा असेल तर सांगा, मी पुस्तकाला बसलेय म्हणावं. नावाड्याच्या बायकोला ताप चढलाय आणि ही तिकडे रबराचा चेंडू दाबत बसलीय."

बायको हातांच्या व्यायामाला जायची, तिथूनच फोन होता. बोलणारी बाई नीट, सावकाश बोलत होती. व्यायाम झाल्यावर त्या जिन्यात बसल्या, म्हणाली. दम लागलाय, म्हणाल्या. डॉक्टर वरच्याच मजल्यावर होते, ते लगेच खाली आले. मग ती थोडी थांबली आणि राहिलेलं सांगितलं.

"हो," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "हो." आणि फोन ठेवल्यावरही एकदा म्हणाला.

तो दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंना आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्यांनी त्याच्या दिशेने तोंड वळवलं, नेहमीसारखं जरा बाजूला, जणू त्याच्या शेजारी आणखी कोणी उभं आहे. त्याने बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी हात पुढे केला, चाचपत त्याचं कोपर धरलं, मग मनगट, आणि ते धरूनच ठेवलं.

"सांगू नका," त्या म्हणाल्या. "आधी बसा."

त्याने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढे माणसं आली, ती मोठ्याने बोलली, रडली, सगळं बोलून झालं. तो शब्द त्याच्या तोंडून मात्र निघाला नाही, आणि सासूबाईंनीही तो मागितला नाही.

*

बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर बायकोचा लॅपटॉप उघडाच होता. कीबोर्डवर पांढरा रुमाल पसरलेला होता, दुधावर झाकण ठेवावं तसा. रुमाल तिनेच टाकला होता.

तो वेबसाइट बनवायचा. गेलं वर्षभर एका वाचनालयाचं काम चालू होतं. जुन्या कादंबऱ्या पडद्यावर वाचता याव्यात, आणि ज्यांना माउस धरता येत नाही त्यांनाही नुसत्या बटणांवर वाचता याव्यात, असं ते काम होतं. अख्खं पुस्तक एकाच लांब पानावर. बाणाने एकेक परिच्छेद पुढे जायचं, आणि आपण कुठे आहोत ते निळ्या चौकटीवरून ओळखायचं.

माउस न धरता येणारं माणूस घरातच होतं. बायकोच्या बोटांचे सांधे आखडले होते. उजव्या हाताची दोन बोटं तर कायमची वाकलेली. बाणाचं बटण ती बोटाच्या पेराने दाबायची, दारावर टकटक करावी तशी. तेव्हा तपासणीचं काम आपोआपच तिच्याकडे आलं. दुपारी ती आईला पुस्तक वाचून दाखवायची आणि वाचता वाचता नवऱ्याच्या चुका काढायची.

"घराण्याला साजेसं काम मिळालं एकदाचं," सासूबाई म्हणायच्या. "नवऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर त्याने आभार मानायचे."

चुका काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता. एरवी लोक काय करतात, काही बिघडलं की घाबरून चार बटणं दाबतात, आणि मग येऊन सांगतात, मघाशी काहीतरी झालं होतं. कसं झालं ते त्यांनाच आठवत नाही. ती तसं करायची नाही. पान बिघडलं की हात उचलायची, कीबोर्डवर रुमाल टाकायची आणि त्याला हाक मारायची. तो येऊन बघेपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही, असा घरचा कायदा होता.

त्या सकाळी चपला घालताना तिने सांगितलं होतं, "तुझं पान आज पुन्हा पळालं. पण या वेळी पकडलंय मी. तसंच ठेवलंय, आल्यावर दाखवते. हात लावू नकोस."

"आत्ताच दाखव ना."

"उशीर होतोय. पळून पळून कुठे जाणारे? रुमाल टाकलाय त्याच्यावर."

तेव्हापासून त्याने हात लावला नव्हता. पडदा आपोआप काळा झाला होता. चार्जरची वायर मात्र तो येता-जाता बघायचा, नीट बसली आहे ना ते. केर काढायला येणाऱ्या बाईला त्याने टेबल पुसू नका म्हणून सांगितलं होतं.

*

मेहुणा पहिल्यांदा आला तेव्हाच आईला न्यायची भाषा बोलला. वाईट मनाने नाही. स्वयंपाकघरात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. ताई होती तोवर ठीक होतं. आता तुम्ही तुमचं बघणार, का आईचं?"

"त्यांचा काही त्रास नाही मला."

"त्रासाचं नाही म्हणत मी. पण कोणत्या नात्याने राहायचं तिने?"

त्याने धुतलेला कप पुन्हा धुतला.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. डोळे गेल्यापासून त्यांचे कान भिंतीपलीकडचं ऐकायचे. "मी येणार नाही असं कुठे म्हणतेय? पुस्तक अर्धं राहिलंय. ते संपलं की येते."

"पुस्तक मी वाचून दाखवीन की, आई."

"तू? तुला औषधाच्या बाटलीवरचं धड वाचता येत नाही. गेल्या वेळी खोकल्याचं औषध पायाला चोळलंस माझ्या."

मेहुणा हसला आणि त्या दिवशी एकटाच परत गेला.

मग घरात दोघंच राहिली. सकाळी तो चहा करायचा, त्या खुर्चीत बसून प्यायच्या. तो आतल्या खोलीत कामाला बसायचा. दुपारी ठरलेल्या वेळी सासूबाई भिंतीला हात लावत टेबलाजवळच्या खुर्चीत येऊन बसायच्या, मांडीवर शाल घ्यायच्या, आणि थोड्या वेळाने उठून जायच्या. त्याला आतून खुर्चीचा आवाज ऐकू यायचा. तो बाहेर यायचा नाही. रुमाल उचलायचा म्हणजे तिने ठेवलेलं मोडायचं. आणि पुस्तक वाचायला घेतलं म्हणजे ते कधीतरी संपणार.

वाचनालयातल्या बाईंचा एकदा फोन आला. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "पण एक आजोबा रोज विचारतात, पान पळायचं थांबलं का म्हणून. मला वाटतं, त्यांनाही वाचायला दुसरं कोणी नसावं."

तो पुन्हा खटपट करू लागला. पान नव्याने उघडायचं, शब्दाची खिडकी उघडायची, बंद करायची. पान जागच्या जागी. पुन्हा नव्याने उघडायचं, पुन्हा तेच. त्याच्यासमोर ते शहाण्या मुलासारखं वागत होतं.

एका दुपारी मेहुण्याने आईला फोन केला. रविवारी गाडी घेऊन येतो, म्हणाला. सासूबाईंनी फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "जावईबापू, वाचता का? रविवारच्या आत उरकायला हवं."

तो बाहेर आला. त्या खुर्चीत बसल्या होत्या, शाल मांडीवर.

"मी माझ्या लॅपटॉपवर आणतो."

"तुमच्यावर कशाला? कुठवर आलो होतो ते तिच्यावर आहे ना?"

त्याने रुमाल उचलला, घडी घातली, बाजूला ठेवला. पडदा काळाच होता. नुसतं शिफ्टचं बटण दाबलं तर पानावरचं काहीच हलत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने तेवढंच दाबलं. पडदा उजळला.

नावाड्याच्या बायकोला ताप होता. नदीवर धुकं होतं. पलीकडच्या काठावरून डॉक्टरला आणायला नावाडी निघाला होता. त्याने पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. निळी चौकट कुठेच नव्हती. तो वाकून पुन्हा बघू लागला.

"पान तुमचंच, आणि तुम्हालाच सापडत नाही?" सासूबाई म्हणाल्या.

तो खुर्ची ओढून बसला आणि वाचू लागला.

"बातम्या वाचताय का?"

त्याने घसा साफ केला आणि जरा सावकाश घेतलं. नावाडी दोर सोडतो. धाकटी मुलगी कंदील घेऊन काठावर उभी राहते. सासूबाई मान हलवत होत्या.

"हं. इथेच थांबलो होतो आम्ही. कंदिलापाशी. पुढे?"

पडद्यावरच्या ओळी संपल्या होत्या. पुढचं वाचायचं म्हणून त्याने सवयीने खालचा बाण दाबला.

पान उडालं. नदी, धुकं, कंदील सगळं झरकन वर निघून गेलं आणि कुठलातरी दूरचा मजकूर समोर येऊन थांबला. मधोमध एका परिच्छेदाभोवती निळी चौकट होती.

त्याचा हात हवेतच राहिला. पळालं, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. तो ते परत मागे न्यायलाच निघाला होता. मग त्याने हात मांडीवर ठेवला आणि बघत बसला.

पान आत्ता पळालं नव्हतं. ते त्या सकाळी पळालं होतं. खिडकी उघडताना आपण कुठे आहोत हे पानाने लक्षात ठेवायचं आणि खिडकी बंद झाली की तिथेच परत यायचं, असं त्यानेच लिहिलं होतं. पानाने जागा लक्षात ठेवली होती, पण फक्त पहिल्या वेळची. आदल्या दिवशी कंदिलापाशी तिने एका शब्दाचा अर्थ पाहिला असणार. दुसऱ्या दिवशी ती पुढे, खूप पुढे गेली, तिथे पुन्हा एक शब्द उघडला, बंद केला, आणि पान तिला न विचारता कालच्या कंदिलापाशी परत आलं. चौकट मात्र पुढेच राहिली, दिसेनाशी. ती जिथे होती तिथेच होती.

त्याला हे कधीच दिसलं नसतं. तो दर वेळी पान नव्याने उघडून तपासायचा. ती कधीच नव्याने उघडायची नाही. कालचं पान आज तसंच पुढे वाचायची. वाचणारी माणसं तसंच करतात.

त्याने वरचा बाण एकदा दाबला. चौकट एक परिच्छेद मागे आली. ही तिची जागा. त्याने तो परिच्छेद मनात वाचला.

"पळालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. सापडलं."

"मग वाचा की."

तो म्हणाला, "ती कंदिलापाशी थांबली नव्हती. बरीच पुढे गेली होती."

"ते माहीत आहे मला. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की ती पुढचं वाचून ठेवायची. टकटक टकटक चालायचं. त्या दिवशी तर फारच वेळ चाललं होतं. मी म्हटलं, आज कोणाचं तरी गावाला जायचं ठरतंय."

"गावाला?"

सासूबाईंनी शाल सारखी केली. "माझे डोळे गेल्यापासून तिने पुस्तकातलं एकही माणूस मरू दिलं नाही. कोणाचं दुखणं वाढलं की तो दोन दिवसांत गावाला जायचा. म्हातारे जायचे, लहान मुलं जायची. एका पुस्तकात तर राजा गावाला गेला, ऐन लढाईतून. मी म्हटलं जाऊ दे, राजाला तरी कुठे सुटी मिळते."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? इतकं मन लावून थापा मारायची."

त्याला हसू आलं. किती दिवसांनी आलं, आणि आलं ते थांबवता येईना. मग ते हसू राहिलं नाही. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रुमालाची घडी तोंडावर धरली. सासूबाई वाट बघत राहिल्या. बाहेर कोणीतरी सायकल लावली, साखळीचा आवाज झाला.

"नावाड्याची बायको गावाला गेली, हो ना?" त्या हळूच म्हणाल्या. "तेवढंच म्हणा. मला पुढचं कळेल."

त्याने चष्मा घातला. चौकट तिथेच होती. तो वाचू लागला, बातम्या वाचाव्यात तसं, एकेक शब्द वेगळा.

"पहाटे धुकं विरलं. डॉक्टरला घेऊन नावाडी परत आला, तेव्हा त्याची बायको मेली होती. मुलीने कंदील अजून विझवला नव्हता. नावाड्याने आधी नाव बांधली, मग तो घरात गेला."

या घरात तो शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला होता. सासूबाई समोर बघत होत्या, त्याच्या जरा बाजूला.

"नाव बांधली होय आधी," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरोबर आहे. नाहीतर वाहून गेली असती." त्यांनी डोळ्यांना शालीचं टोक लावलं. "पुढे वाचा."

तो आतून आपला लॅपटॉप घेऊन आला आणि त्यावर ती जागा शोधून प्रकरण संपेपर्यंत वाचत राहिला. तिच्या लॅपटॉपवरची चौकट त्याने तशीच ठेवली.

प्रकरण संपल्यावर सासूबाईंनी विचारलं, "किती राहिलं?"

बरंच आहे असं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. "एकच प्रकरण," तो म्हणाला. "उद्या होईल."

"मग ते राहू दे."

"म्हणजे?"

"पहिल्यापासून घ्या. मी हे पुस्तक अर्धंच ऐकलंय. मधे कोण कोण गावाला गेलं कोणास ठाऊक. एक आत्या होती, ती एकदम नाहीशी झाली. सगळं वाचा, लिहिलंय तसं."

"आई, रविवारी तो येणार आहे."

"येऊ दे. जेवायला घाला त्याला. कोणत्या नात्याने राहते विचारलं तर सांगा, अर्ध्या पुस्तकाच्या." त्या खुर्चीचा हात धरून उठल्या. "आणि मग ते राजाचं. लढाईत त्याचं खरं काय झालं, ते मला बघायचंय."

"फार जाड पुस्तक आहे ते."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत आत गेल्या.

*

दुरुस्ती थोड्याच ओळींची निघाली. पानाने जागा लक्षात ठेवायचं काम त्याने काढूनच टाकलं. आता खिडकी बंद झाली की चौकट आधी होती तिथेच परत येते. पान हलत नाही. चौकट पडद्याबाहेर असेल तरच हलतं, तेही ती दिसेल एवढंच. वाचनालयातल्या बाईंनी कळवलं की आजोबांनी दिवसभर तपासून पाहिलं, आता पळत नाही.

रविवारी मेहुणा आला, जेवला, आणि आईशेजारी, पहिल्याच प्रकरणात आत्या आजारी पडलेली ऐकत थोडा वेळ बसला. जाताना गाडीतून आणलेली रिकामी बॅग तशीच परत घेऊन गेला.

दुपारचं वाचन त्याच्या लॅपटॉपवर चालतं. आत्या गेली. सासूबाईंनी तिच्यासाठी एक दुपार सुटी घेतली आणि मग पुढे वाचा म्हणाल्या. तो अजून बातम्याच वाचतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

बायकोचा लॅपटॉप टेबलावरच आहे, कीबोर्डवर रुमाल, वायर लावलेली. त्याच्यावर अजून जुनंच पान आहे. नवी दुरुस्ती तिथे यायची तर ते पान एकदा नव्याने उघडावं लागेल, आणि नव्याने उघडलं की ते पहिल्या ओळीपासून सुरू होईल. तेवढं करायचं राहिलं आहे.